कोणी न धाडलेला माणूस

ज्या म्हाताऱ्याला तुम्ही भर सभेत खोटं पाडलं, तो खरं बोलत होता हे आठच दिवसांत कळलं, तर तुम्ही काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. मी सभांत बोलणारा माणूस आहे. अशा प्रश्नांची उत्तरं कशी द्यायची ते मला चांगलं ठाऊक आहे. 'मी त्याची जाहीर माफी मागेन' असं मी मूठ आवळून सांगितलं असतं आणि लोकांनी टाळ्याही दिल्या असत्या. प्रत्यक्ष ती वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते पुढे लिहिलं आहे.

माणसाचं नाव गोमाजी. आमच्याच वस्तीतले, माझ्या आजोबांच्या बरोबरीचे. सेलूपासून दीड कोसावर आमचं गाव. गावाच्या उगवतीला नाला ओलांडला की आमची वस्ती. गाव त्यांना 'गोम्या' म्हणे, वस्ती 'गोमाजीबाबा'. उंच आणि सुकलेलं शरीर, डोक्याला कायम एक पांढरं फडकं. त्यांची सून थट्टेने म्हणे, "बुढ्याच्या टाचीच्या भेगीत जवारी पेरा, चांगलं पीक येईन." ते नुसते हसत आणि टाचांना एरंडीचं तेल चोळत बसत.

गावकीच्या कामांपैकी त्यांच्या घराकडे मरणाची खबर नेण्याचं काम होतं. गावात कोणाच्याही घरी माणूस मेलं, की परगावच्या सोयऱ्यांना सांगायला गोमाजीबाबांनी निघायचं. कुणब्याच्या घरी मेलं तरी आणि तेल्याच्या घरी मेलं तरी. पाऊस असो, अंगात ताप असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांच्या बापानं हेच केलं, आज्यानंही हेच. हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर, थेट गिरडपर्यंत या जिल्ह्यात अशी वाट नसेल, जिच्यावरून हा माणूस कोणाचं तरी मरण घेऊन चालला नाही.

याला मी माझ्या भाषणांत 'मरणाची हमाली' म्हणत असे. शब्द माझा होता आणि मला तो फार आवडे.

त्या हमालीतही गोमाजीबाबांनी स्वतःचे काही नियम केले होते. गावाजवळ पोचलं की ते आधी वेशीबाहेर बसत आणि ज्या घरी जायचं त्या घरावर धूर दिसतो का ते पाहत. "चूल पेटली असन तं मी बसून राह्यतो," ते सांगत. "जेवू देतो त्यायले. एकदा सांगतलं का त्या घरची चूल थंडी. मरणारं तं मेलं, जित्यानं काऊन उपाशी रावं?"

दुसरा नियम, खोटं बोलायचं नाही. बाकीचे खबर नेणारे 'आजारी आहे, लवकर चला' असं सांगून मोकळे होत. गोमाजीबाबांना ते पटत नसे. "आजारी म्हटलं तं लेक वाटभर आशा घेऊन चालते. अन् वेशीत आल्यावर तिले कळते. मंग एका घरी दोन मयती होतात."

गाव चांगलं की वाईट हे ठरवण्याची त्यांची एक रीत होती. मी एकदा विचारलं, "इतकी गावं पाहिली, सगळ्यांत चांगलं गाव कोणतं?"

"हाक किती दुरून मारा लागते, त्याच्यावरून समजते," ते म्हणाले. "कुठी काट्याच्या कुपापासून हाक मारतो. कुठी अंगणाच्या काठापासून. एका गावात तं नाल्याच्या पल्याडून मारली. घरवाला म्हंते, ऐकू नाई आलं, मोठ्यानं सांग. आता मयत काय बोंबलून सांगाची गोष्ट आहे का जी?"

त्यांचा चेहराच लोकांना अपशकुन झाला होता. एकदा बायको-पोराला घेऊन ते गिरडच्या टेकडीवर दर्ग्याचा उरूस पाहायला गेले. नवं धोतर नेसले होते. पायऱ्या चढताना समोरून आमच्या गावची, तिकडे दिलेली एक लेक उतरत होती. तिने यांना पाहिलं आणि तिथेच बसकण मारून गळा काढला, "माहा बाप गेला वं माय!" तिचं पाहून जाऊ रडू लागली, जावेचं पाहून सासू. गोमाजीबाबा खालून सांगताहेत, "कोणी नाई मेलं, बाई. तुहा बाप परवा बैलबंडी जुपत होता. मी रेवड्या घ्याले आलो." ऐकतं कोण?

"मले पाहून अख्खी पायरी रडली," हे ते इतकं रंगवून सांगत की वस्ती हसून लोळत असे. हसणं ओसरलं की म्हणत, "सगळा जिल्हा फिरलो, पन कोणाच्या गावाले मी असाच म्हून कधी गेलो नाई."

तरुणपणी दोन वर्षं ते नागपूरच्या एका कापडगिरणीत होते. हे मला कळलं तेव्हा मी वर्ध्याच्या वसतिगृहात राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होतो. अभ्यास कमी, पत्रकं जास्त. 'हे पोट्टं कागद खाते' असं माझा बाप म्हणे. त्या कागदांत मी शिकलो होतो की खेडं म्हणजे तुरुंग आणि शहर म्हणजे सुटका. शहर सोडून तुरुंगात परत आलेला माणूस मला समजतच नव्हता.

"काऊन परत आले तुम्ही, बाबा?"

"चाळीत माह्या बाजूच्या खोलीत एक हिंदी बोलणारा माणूस राहे," ते म्हणाले. "चौदा महिने आमी एका नळावर आंघोळ केली. त्यानं मले जात नाई विचारली. मी म्हटलं, वा, काय शेहर आहे. एका सकाळी मेला तो. त्याचं गाव कोणतं, कोणालेच माहीत नोतं. त्यानं माही जात नाई विचारली म्हून मी खूश, अन् मी बी त्याचं गाव नाई विचारलं. मंग त्याच्या मायले कोण सांगन?"

"पण तिथे दारापर्यंत जाता येतं. कोणी हाकलत नाही," मी म्हणालो.

"खरं आहे. अथी दार उघडं राह्यते अन् मले जाऊ देत नाई. तथी जाऊ देतात, पन दार लावून राह्यते. तू शिकेल आहेस ना बाप्पा, या दोनीचं एक करून देजो."

मी त्यांना औद्योगिक क्रांतीवर काहीतरी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असन. तुह्या पुस्तकात असन."

रेल्वेबद्दलही त्यांचा एक सिद्धांत होता. गाडीत शेजारचा माणूस चार प्रश्न विचारतो: कुठे चालले, काय काम, कोणतं गाव, आडनाव काय. तीन प्रश्नांपर्यंत तो पान देतो, सुपारी देतो. चौथ्याला सरकतो. "तिसऱ्या प्रश्नापर्यंत मले जेवढे सोयरे भेटले, तेवढे जनमात नाई भेटले," ते म्हणत. दीक्षेनंतर नागपूरला जाताना त्यांनी चौथ्या प्रश्नाला उत्तर दिलं, "बौद्ध." समोरचा किराणा दुकानदार बुचकळ्यात पडला. "म्हणजे कोण?" गोमाजीबाबा म्हणाले, "पंचशील पाळणारा माणूस." दुकानदार अर्धा सरकला, मग थांबला, मग पुन्हा जरा जवळ आला. "नागपूर येईपर्यंत त्याले समजलंच नाई का सरकावं का बसावं," सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, हसून हसून.

वर्ध्याच्या एका सुधारक वकिलांकडे त्यांनी एकदा निरोप नेला होता. वकिलांनी घरात बोलावलं, पाटावर बसवून जेवू घातलं. मी म्हणालो, याला म्हणतात समता. गोमाजीबाबा म्हणाले, "चांगला माणूस, त्याचं नाव नाई ठेवत. पन मी जेवून राह्यलो अन् अख्खं घर मले पाहून राह्यलं. शेजारी बी बोलावले होते पाहाले. भाजी कशी होती ते मले आठवतच नाई."

असा माणूस. मला त्यांचा लळा होता, आणि थोडी कीवही येत असे. त्या किवेचीच आता मला जास्त लाज वाटते.

नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा वस्तीतली माणसं रेल्वेने, बैलगाडीने गेली. गोमाजीबाबा पायी गेले. परत आल्यावर आम्ही वस्तीची सभा घेतली. मी वस्तीच्या समितीचा सेक्रेटरी झालो आणि ठराव माझ्याच हाताने लिहिले. ढोरं ओढायची नाहीत. भाकर मागायची नाही. लग्नात वाजवायचं नाही. वेठ करायची नाही. पाचवा ठराव: यापुढे मरणाची खबर न्यायची नाही. या ठरावाला पहिला हात वर झाला तो गोमाजीबाबांचा. "आता मले पाहून कोणी रडणार नाई," ते म्हणाले, आणि सभेत त्या दिवशी पहिल्यांदा हशा झाला. खबर नेतानाची काठी त्यांनी स्वतः आणून दिली. विहाराच्या पायाची आखणी करायला आम्ही ती खुंटीसारखी रोवली.

पुढच्या वर्षीची गोष्ट. गावात वाडी पिकवणारं एक कुणब्याचं घर होतं. वांगी, मेथी, टमाटर सेलूच्या आणि वर्ध्याच्या बाजारात जात. त्या घरची म्हातारी, भागीरथाबाई, वारली. तिला दोन मुलगे आणि एक लेक, पार्वती. पार्वती समुद्रपूरकडे दिलेली. बापाच्या वाडीत तिने आपला हिस्सा मागितला, तेव्हापासून भावांनी तिचं नाव टाकलं होतं. हे सगळं गाव जाणत होतं. मी जाणत नव्हतो, कारण कुणब्याच्या घरात काय चाललं आहे हे जाणून घेणं मला गुलामीचं लक्षण वाटे.

म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या बाजाराला गेलेल्या आमच्या एका माणसाला गोमाजीबाबा समुद्रपूरच्या वाटेवर दिसले. त्याने विचारलं, कुठे? त्यांनी सरळ सांगितलं, "भागीरथाबाई मेली. तिच्या लेकीले सांगाले चाललो."

मला वर्ध्याला निरोप आला. मी सायकल मारत गावी आलो. गोमाजीबाबा परत आले त्याच संध्याकाळी, अजून ऊन होतं, विहाराच्या पायावर आम्ही सभा भरवली. दगडांच्या ढिगावर पंच बसले. मी उभा होतो. माझ्या हातात ठरावांची वही होती.

"बाबा, तुम्ही खबर नेली?"

"नेली."

"पाचवा ठराव तुम्हाला माहीत आहे?"

"माहाच हात पैला होता जी."

"कोणाच्या हुकमावरून गेले?"

"कोणाच्याच नाई. मले कोणी धाडलं नाई. मी गेलो."

मी हसलो. हो, मी हसलो. मी लोकांकडे वळून विचारलं, "तीन दिवसांची पायपीट कोणी धाडल्याशिवाय करतं का?" मी पुन्हा त्यांच्याकडे वळलो. "त्या भावांनीच तुम्हाला पाठवलं. आता आमच्यासमोर कबूल करायची लाज वाटते म्हणून तुम्ही खोटं बोलता."

"माणूस मेलं होतं," ते म्हणाले. "लेकीले कोणी सांगतलं नाई. मी वाट पाह्यली एक दिवस. मंग गेलो."

"त्यांची लेक आहे. त्यांनी सांगावं. नाहीतर पोस्ट आहे, तार आहे."

"तार कोण कराची? भाऊ?"

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"त्यायचा प्रश्न आहे, पन माय तिची होती ना, सेक्रेटरीसाहेब."

'सेक्रेटरीसाहेब' म्हणताच माझ्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांनी मला आजवर 'पोट्ट्या' नाहीतर 'बाप्पा' म्हटलं होतं. मी पंधरा-वीस मिनिटं बोललो. गुलामी पायातून निघते पण हाडातून निघत नाही, वगैरे. शेवटी शिक्षा मीच सुचवली: वस्तीसमोर चूक कबूल करायची आणि वर्षभर वस्तीच्या कोणत्याही कार्यात मानाचं स्थान नाही. पंचांनी माना हलवल्या. आमचे म्हातारे पंच त्या काळात आम्हा शिकलेल्या पोरांना घाबरत, हे मला तेव्हा कळत होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

गोमाजीबाबा उठले. ते पुढे आले नाहीत. मागे गेले. वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन, लोकांपासून लांब, बाभळीजवळ उभे राहिले आणि आयुष्यभर परक्या अंगणांबाहेरून ज्या आवाजात सांगत आले त्या आवाजात त्यांनी हाक दिली, "ऐका हो मंडळी, गोमाजीची चूक झाली." एकदा. मग थोडं थांबून दुसऱ्यांदा. ऐकू गेलं की नाही याची खात्री करावी तसं.

एका बाईने तोंडाला पदर लावला. मी वहीत लिहिलं, 'चूक कबूल.'

म्हातारीच्या दहाव्या दिवशी पार्वती आली. कुणब्यांच्या आळीत जो आरडाओरडा झाला तो नाल्याच्या अलीकडे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. "तुले कोणं सांगतलं? त्या गोम्याले कोणं धाडलं?" थोरला भाऊ ओरडत होता. "आमी नाई धाडलं त्याले. त्याच्या तंगड्या तोडतो."

मी तेव्हा आमच्या ओट्यावर बसलो होतो. बापाने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

दुपारी पार्वती नाला ओलांडून वस्तीत आली. कुणब्याची बाई वस्तीत पाय ठेवते हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती गोमाजीबाबांच्या ओट्यावर बसली. वस्ती भोवती जमली, मीही मागे उभा राहिलो. तिने काही भाषण केलं नाही. आईच्या आठवणी निघाल्या. मग म्हणाली, "मी लहानपणी यायले गोम्याच म्हणत होती. आमच्या दारात आले तं मी विचारलं, गोमा, कोणं धाडलं तुले? तं म्हंतात, 'कोणं नाई, बाई. माहा मीच आलो.' मी म्हटलं, असं कसं? मंग मले कळलं, भाऊ तं धाडनारच नोते. मी यायले ओसरीवर बसवलं."

"बसून खबर सांगतली मी," गोमाजीबाबा हळूच म्हणाले. "चाळीस वर्सांत पैल्यांदा. बसून सांगतलं का आवाज वेगळा निंगते."

लोक माझ्याकडे पाहत नव्हते. न पाहण्याची एक पद्धत असते, तसे पाहत नव्हते. दोन पंच संध्याकाळी घरी आले. "शिक्षा मागं घेऊ ना, बाप्पा," एक म्हणाला. मी म्हणालो, "ठराव सभेत झाला, सभेतच मागे घ्यावा लागेल. पुढच्या सभेत पाहू." सभा बोलावण्याचं काम माझं होतं. मी ती बोलावली नाही.

याहून वाईट पुढे आहे.

त्या सुमारास माझं पत्रक वर्ध्याच्या एका छापखान्यात होतं. आमचे ठराव आणि त्यांवर माझं विवेचन. पाचव्या ठरावाखाली मी उदाहरण घातलं होतं: 'आमच्या गावचा गोमाजी धन्याच्या हुकमाने मयतीची खबर घेऊन धावला आणि वर पंचांसमोर खोटं बोलला.' पार्वती येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रूफ तपासायला गेलो. खिळे जुळवणारा म्हातारा कारागीर होता, शाई लागलेल्या बोटाने त्याने ती ओळ दाखवली. "दादा, यात माणसाचं नाव आहे, गावाचंही आहे. ठेवू?"

मी उभा होतो. एक काट मारायची होती. पेन्सिल हातात होती.

मनात मी वाद घातला. घटना थोडी वेगळी असेल, पण तत्त्व खरं आहे. एका माणसाचं नाव मोठं की चळवळ? ओळ काढली तर ठराव लुळा पडेल. उदाहरणाशिवाय लोकांना पटत नाही. हे सगळं मी कोणत्या ना कोणत्या पत्रकात वाचलेलं होतं, म्हणून ते इतक्या भराभर सुचलं.

"ठेवा," मी म्हणालो. "उदाहरण लागतं."

पत्रक सेलूच्या बाजारात वाटलं गेलं, हिंगणघाटला गेलं, पुलगावला गेलं. लोकांनी माझी पाठ थोपटली.

महिनाभराने गोमाजीबाबा माझ्याकडे आले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बंडीच्या खिशातून पत्रक काढलं. "सेलूच्या बाजारात भेटलं. यात माह्यं नाव आहे म्हंतात. वाच बरं."

मी कागद घेतला. एकदोन ठराव मोठ्याने वाचले. आवाज चांगला लागला होता. तिसरा, चौथा, पाचवा. मग मी ती ओळ गाळली आणि थेट शेवटच्या घोषणेवर गेलो.

"झालं?"

"झालं."

"नाव आलं नाई."

"तुमचं नसेल. दुसरा कोणी गोमाजी असेल."

त्यांनी कागद परत घेतला. घडी घालताना मला दिसलं. घडी अशी होती की तीच ओळ वर यावी, आणि ओळीखाली कोणीतरी निळ्या पेन्सिलने रेघ ओढलेली होती. म्हणजे कोणी तरी ती त्यांना आधीच वाचून दाखवली होती. मी वाचतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"बरं लेहलं आहे," ते म्हणाले. "अक्षर मोठं आहे. दुरून दिसते." आणि गेले.

त्यानंतर ते वस्तीत फारसे बोलले नाहीत. विहाराच्या भिंती उभ्या राहत होत्या, तिथे येऊन गारा कालवून देत आणि लोक बसायला लागले की निघून जात. मुलगा-सून दीक्षेनंतर नागपूरला गिरणीत गेले होते. एक दिवस कळलं, गोमाजीबाबांनी घराला कडी घातली आणि तेही गेले. ज्या शहराचं दार लावलेलं असतं असं ते म्हणत, तिथे हा माणूस सत्तरीच्या घरात राहायला गेला, कारण आपल्या वस्तीत त्याच्यासाठी मी जागा ठेवली नव्हती.

ते ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी त्यांना पाहिलं. नागपूरला आमची एक मोठी सभा होती. मी सकाळच्या मोटारीत बसलो होतो, मांडीवर भाषणाचे कागद. मोटार भरलेली, फक्त माझ्या शेजारची एक जागा रिकामी. सेलू मागे टाकल्यावर एका मोरीजवळ पुढे रस्त्याच्या कडेने एक उंच माणूस चालताना दिसला. डोक्यावर बोचकं. चाल मी हजारांत ओळखली असती. मोटारीचा आवाज ऐकून ते कडेला सरले, वळले आणि त्यांनी एक हात वर केला.

ड्रायव्हरने वेग कमी केला. कंडक्टर मान बाहेर काढून म्हणाला, "बुढा हात करून राह्यला. जागा एक आहे." मग आमच्याकडे वळून विचारलं, "कोणाच्या वळखीचा आहे का? असन तं घेतो, नाई तं उशीर होऊन राह्यला."

मी भाषणाच्या कागदांत डोकं घातलं. पहिल्या पानावर 'बंधू-भगिनींनो' असं लिहिलेलं होतं. ते मी तीनचारदा वाचलं.

"चला मंग," कंडक्टर म्हणाला.

मागच्या काचेतून मी पाहिलं ते धुरळा बसल्यावर. हात अजून वर होता. थांबायला सांगत होते, की ओळख देत होते, की नुसतं ऊन अडवत होते, हे मला सांगता येत नाही. मग त्यांनी हात खाली घेतला, बोचकं सारखं केलं आणि चालू लागले.

त्या सभेत मी चांगला बोललो.

याला आता दीड वर्ष झालं. मी दोनदा नागपूरला जाऊन आलो. मुलाच्या चाळीचा पत्ता मिळवला होता. खोलीत दुसरं कुटुंब राहत होतं. "होते ते, गेले," त्या कुटुंबातला माणूस म्हणाला. कुठे गेले ते आजूबाजूच्या दहा खोल्यांत कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून हे नागपूरच्या गिरणीवस्त्यांत राहणाऱ्या वाचकांसाठी लिहितो आहे. तुमच्या आळीत गोमाजी नावाचा, वर्धा जिल्ह्यातून आलेला, खूप चालणारा म्हातारा राहत असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहा. माझ्या वतीने त्यांना काही सांगू नका. क्षमा मागतो म्हणून सांगू नका, मी शोधतो आहे असंही सांगू नका. हे दुसऱ्याच्या तोंडून कळण्याचं काम नाही. ते कोणत्या खोलीत राहतात तेवढंच कळवा. आणि मी येईन त्या दिवशी एवढं करा: तुमच्या वस्तीतली सगळी माणसं, बायका, म्हातारेकोतारे, त्यांच्या दारापुढे बोलावून ठेवा. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्यादेखत बोलायचं आहे.